तिळी आणि गुळ्या

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, तासगावच्या बाजूचं. त्या दिवसांत रस्त्यावरून रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावत असतात. अशाच एका ट्रॉलीखाली आमच्या शाळेमागची कुत्री गेली. मुलांनी खड्डा खणून तिला पुरलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याच्या टाकीखाली तिची चार पिल्लं आहेत. एक दुसऱ्या दिवशी मेलं. एक नर चहाच्या गाडीवाल्याने उचलला. उरली दोन. शाळा सुटल्यावर माझा धाकटा मुलगा, सातवीतला, चादरीच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून माझ्या स्कूटीवर मागे येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मी, घर येईपर्यंत मागे बघू नकोस."

मी बघितलं नाही. शाळेत इतकी वर्षं पोरांच्या दप्तरातल्या चिंचा पकडणारी मी, त्या दिवशी बघितलं नाही.

दारातच अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अडवलं. "ये क्या लाया रे तू? घर में नमाज होती, मालूम नै तेरेकू?" पोरगा रडवेला. चादरीतून दोन नाकं बाहेर आलेली, एक काळं, एक तांबूस.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ही बाब आमच्या घरात वाटते तेवढी सरळ नाही. माझं माहेर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. सासर घाटावरचं, हनफी. लग्नानंतर हा फरक मला फक्त कुर्ल्यांच्या वेळी जाणवायचा. आमच्याकडे कुर्ल्या हलाल, अम्मांच्या लेखी नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत मात्र माझंच माहेर कडक. शाफई मसलकीत कुत्रं सगळंच नापाक. ओल्या अंगाने शिवलं तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक खेप मातीने. हनफींकडे लाळ नापाक, अंग नाही. मालिकी तर त्याहून सैल, ते कुत्र्याला पाकच मानतात. म्हणजे अम्मांना जितका त्रास व्हायला हवा होता त्यापेक्षा जास्त मला व्हायला हवा होता. झालाही. पण पोराच्या तोंडाकडे बघून मी अम्मांना म्हटलं, "राखणीसाठी कुत्रं ठेवायला मनाई नाही ना? परसात राहतील. उंबरठा ओलांडणार नाहीत." अम्मांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग जानमाज उचलून आतल्या खोलीत नेली. ही त्यांची परवानगी, हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने कळतं.

रात्री आपाला फोन केला. आपा माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती हसत सुटली. "परसात मातीचा ढीग करून ठेव," म्हणाली, "आणि परसातले कपडे वेगळे ठेव." तसंच केलं. एक जुना सलवार-कमीज परसाच्या दारामागे खिळ्याला लागला तो अजून तिथेच आहे.

मोहल्ल्यात बोलणी झालीच. फरिश्ते घरात येत नाहीत, हे मला तीन जणांनी सांगितलं. तहानेने ओला चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाचे गुनाह माफ झाले, ही हदीसही त्याच लोकांना पाठ असते. ती कुणी दारात येऊन सांगत नाही, एवढंच.

नावांचा प्रश्न मोठा गमतीचा निघाला. मुसलमान नाव ठेवायचं नाही, ते उघडच. हिंदू नाव ठेवावं तर उद्या कुणी म्हणेल, मुद्दाम ठेवलं. मी उर्दूची बाई, मला 'अलिफ' आणि 'बे' सुचलं. अम्मांनी डोळे वटारले, "कुरआन के हर्फ हैं!" शेवटी संक्रांतच मदतीला आली. शेजारच्या काकूंनी तिळगुळाची वाटी आणून दिली होती. काळी मादी ती तिळी, तांबूस नर तो गुळ्या.

दोघांना भाजीच्या पिशवीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे शेळ्या-म्हशींची रांग आणि मध्ये मी. डॉक्टरांनी दात बघून पाच-साडेपाच आठवड्यांची असतील असं सांगितलं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, पण इथे आईच उरली नव्हती. जंताचं औषध दिलं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढची तीन-चार आठवड्यांनी, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. तोवर रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला रक्ताची हगवण लागली की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. आणि दुसरीकडे तेच डॉक्टर सांगत होते की तीन महिन्यांच्या आत पिल्लाने जे बघितलं-ऐकलं त्याला ते आयुष्यभर घाबरत नाही. मग रस्त्यावर न सोडता जग दाखवायचं कसं? "कडेवर घ्या की मॅडम."

निघताना त्यांनी विचारलं, "दोन्ही ठेवणार?"

"हो."

"एका वेताची दोन एकत्र वाढवणं कटकटीचं असतं बघा. ती एकमेकांची होतात, तुमची होत नाहीत."

मला हे तेव्हा पटलं नाही. दोन असली की एकमेकांना सोबत, आपली कटकट निम्मी, असा माझा हिशेब. घरी येऊन वाचलं तर कळलं की कुत्र्यांना शिकवणारे लोक याला लिटरमेट सिंड्रोम म्हणतात. हा काही आजार नव्हे, आणि अनेक जोड्या सुखाने नांदतातही. पण खूण अशी, की दोघांतलं एक धीट होत जातं, दुसरं त्याच्या आडोशाने जगतं. एकट्याला बाहेर काढलं की हातपाय गळतात. वयात आली की कधीकधी आपसातच हाडवैर. उपाय म्हणून सगळं वेगवेगळं करायचं. जेवण वेगळं, झोपणं वेगळं, फिरणं वेगळं, शिकवणं वेगळं. म्हणजे कटकट निम्मी नाहीच, दुप्पट.

आम्ही केलं. फज्रनंतर मी तिळीला कडेवर घेऊन एसटी स्टँडपर्यंत, ती परत आली की मुलगा गुळ्याला घेऊन. 'बस' म्हणायला शिकवताना एकाला न्हाणीघराच्या मागे बांधायचं, नाहीतर दुसरं त्याचा कान ओढायचं. तिळी तीन दिवसांत बसायला शिकली. गुळ्याला अर्धा महिना लागला, आणि तोही बसायचा ते न्हाणीघराकडे तोंड करून. हाक मारली तर आधी तिळी काय करते ते बघायचा. ती उठली तर उठायचा. अनोळखी माणूस आला की ती पुढे होऊन भुंकायची आणि हा तिच्या मागून, तिच्या शेपटीच्या वरून, अर्धंमुर्धं भुंकायचा. मुलगा म्हणायचा, "हा तिची फोटोकॉपी आहे, शाई कमी असलेली."

मुलगा हसायचा. मला हसू येत नव्हतं, कारण ती फोटोकॉपी मी होते. लहानपणी माझ्या वतीने आपाच बोलायची. दुकानात, मदरशात, शाळेत. पाहुण्यांनी मला नाव विचारलं तर आपा सांगायची. कितवीत आहेस, तर आपा सांगायची. मला काय खायला आवडतं हेसुद्धा आपाच सांगायची आणि ते बरोबर असायचं. ती लग्न होऊन खेडला गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि एसटीत कंडक्टरकडे तिकीट मागताना माझा घसा कोरडा पडायचा. पुढे बी.एड.ला पहिला पाठ घेतला तेव्हा वीस मिनिटांचा पाठ मी नऊ मिनिटांत संपवला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. निरीक्षणाला बसलेल्या बाईंनी वहीत काय लिहिलं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

तर गुळ्याला पाठबळ द्यायचं, त्याला तिळीच्या सावलीतून काढायचं, हा माझा ध्यास झाला. तिळीची मला काळजी नव्हती. ती धीटच होती.

जूनमध्ये बकरी ईद आली. दोघं सहा महिन्यांची झाली होती. शिजवलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नसतं, त्याच्या चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात, हे मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. पण ईदच्या दिवशी येणारे-जाणारे शंभर, कुणाला अडवणार? कुणीतरी परसात एक नळी टाकली. क्षणात दोघं एकमेकांच्या मानेला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी बादली शोधत असतानाच पोराने मध्ये हात घातला.

कुणाचा दात लागला ते कळलं नाही. तळहाताला दोन भोकं. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने हात धुतला आणि ईदच्या कपड्यांतच ग्रामीण रुग्णालय गाठलं. कुत्र्यांना लस दिलेली आहे असं सांगूनही डॉक्टरांनी पोराला इंजेक्शनांचा कोर्स दिला, आणि बरंच केलं. संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अम्मा काही तरी लागट बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "दोनों को जुदा कर. बच्चे को कुछ हुआ तो?"

वेगळं करायचं तर द्यायचं कुणाला, हे आधीच ठरल्यासारखं होतं. धाकट्या दिरांची सहा किलोमीटरवर द्राक्षबाग आहे, तिथे वस्तीवर त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. "भाभी, नर द्या," ते म्हणाले. मादी कुणालाच नको असते. पिल्लांचा व्याप नको म्हणून लोक माद्या नाल्यावर सोडून देतात. मी सांगून बघितलं की दोघांचंही ऑपरेशन करून घेणार आहे, आणि राखणीला तिळीच चांगली, गुळ्या भित्रा आहे. पण त्यांना नरच हवा होता. जुलैच्या सुरुवातीला दोघांची ऑपरेशनं उरकली, टाके सुकले, आणि गुळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेला. दिरांना मी दहा वेळा सांगितलं की याला द्राक्षं, बेदाणे चुकूनही देऊ नका, कुत्र्याची किडनी जाते. ते हसले. तासगावच्या माणसाला बेदाण्यात विष आहे म्हणून सांगणं म्हणजे कठीणच.

पहिले चार दिवस गुळ्या वस्तीवर ट्रॉलीखालून बाहेर आला नाही. रोज रात्री फोन करून मी विचारायची. पाचव्या दिवशी भाकरी खाल्ली. दहाव्या दिवशी दिरांचा फोन, "भाभी, तुमचा भित्रा काल रात्री मोटरच्या केबलपाशी आलेल्या माणसावर असा भुंकला की तो चप्पल टाकून पळाला." चप्पल दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाखवली.

मी खुशीत होते. आणि परसात तिळी खात नव्हती.

आधी वाटलं टाक्यांचं काही असेल. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. ती दाराशी येणाऱ्यावर भुंकेना. एसटी स्टँडपर्यंत आनंदाने जाणारी कुत्री कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी अडून बसायची. भुंकायला तोंड उघडायची आणि मागे वळून बघायची. मागे कुणी नसायचं. मग तोंड मिटायची. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातली साखळी तशीच धरून बराच वेळ गिरणीसमोर उभी राहिले. धीट म्हणून मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. सगळे कष्ट गुळ्यासाठी.

त्या रात्री आपाला फोन केला. भाऊजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, मुलगा दुबईत. "तुझी आपा काय, वाघीण आहे," असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. दोन वर्षांत मी तिच्याकडे एकदा जाऊन आले होते, तेही मय्यतीला. तिळीचं सांगितलं. नेहमीसारखी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "तुला आठवतं, पाहुणे आले की मी तुझा हात धरून पुढे व्हायचे?"

"हो. मला भीती वाटायची म्हणून."

"मला वाटायची," आपा म्हणाली. "तू मागे आहेस म्हटलं की तोंडातून शब्द फुटायचा."

दिवाळीच्या सुटीत मी आठ दिवस खेडला जाऊन राहिले. तिथे काय बोलणं झालं ते आमचं आमच्यापाशी. एवढंच सांगते, की बाजारात मासे घेताना भाव मी केला आणि आपा मागे पिशवी धरून उभी होती. कोळीण मला म्हणाली, "बाई, लय बोलता हो तुम्ही."

मी नसताना तिळीला खायला अम्मा घालत होत्या. परत आले तेव्हा जुम्याचा दिवस होता. अम्मा दर जुम्याला सूरे कहफ पढतात. त्यात गुहेत झोपलेल्या जवानांचं कुत्रं आहे, गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेलं. मी परसाचं दार उघडलं तर तिळी उंबरठ्याच्या अलीकडे, बरोबर एक वीत अलीकडे, पुढचे पंजे पसरून बसलेली आणि आत अम्मांचा आवाज. पढून झाल्यावर अम्मांनी किताब बंद केली, चुंबली, आणि तिळीकडे बघून मला म्हणाल्या, "इसकू किसने सिखाया गे?"

आता तिळी पुन्हा स्टँडपर्यंत येते. गिरणीपाशी थांबते, मी थांबते, मग निघतो.

मागच्या रविवारी दीर ट्रॅक्टर घेऊन घरी आले, गुळ्या ट्रॉलीत. अंगाने भरलाय, मानेवर काटेरी पट्टा. दोघं कितीतरी महिन्यांनी समोरासमोर आली. पोरगा काठी घेऊन तयार. त्यांनी एकमेकांना हुंगलं, बराच वेळ हुंगलं, मग परसात दोन फेऱ्या धावून आली आणि दमून वेगवेगळ्या जागी बसली. तासाभराने दिरांनी ट्रॅक्टर चालू केला. कुणी हाक मारायच्या आधीच गुळ्या उडी मारून ट्रॉलीत चढला. तिळी फाटकापर्यंत गेली, एकदा भुंकली, आणि तिच्या गोणपाटावर येऊन पडली.