हातभर विमान

वाचकहो, शेतकऱ्याच्या घरात भाताची कणगी असावी, पावसाळ्याची लाकडे असावीत, फार तर एखादी शिलाईची मशीन असावी. आमच्या घरात ओसरीवरच्या फळीवर लढाऊ विमान आहे. लांबी हातभर, पंखांचा पसारा वीतभर. येणारा-जाणारा विचारतो, "नातवाचं काय हे?" मी सांगतो, "नाही, माझं आणि दादाचं." मग पाहुणा माझ्या पिकल्या केसांकडे बघतो आणि मुकाट्याने तांब्या तोंडाला लावतो. तुम्हीही तसेच बघाल, म्हणून एकदा सगळे सांगून टाकतो.

आमचे गाव कर्जत तालुक्यात, राजनाल्याच्या पाण्याखालचे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी पेज नदीला येते आणि त्यावर आम्ही उन्हाळी भात काढतो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. १९७० साली तो हवाई दलात भरती झाला. पायलट म्हणून नव्हे बरं का! गावातले काही जण अजून त्याला पायलटच समजतात, आणि आमच्या आईने मरेपर्यंत कोणाचा तो गैरसमज दूर केला नाही. दादा फिटर होता. मद्रासजवळ ताम्बरमला शिकला आणि पुढे मिग-२१ विमानांच्या देखभालीत त्याची उमेद गेली. १९९० साली सुटून आला तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला. घरही तिकडेच, खालापूर तालुक्यात केले. कर्जतहून खोपोली गाडीने अर्ध्या तासाच्या आत, पण आम्ही भाऊ भेटायचो ते वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. का, ते पुढे येईल.

वहिनी गेल्या आणि दादा एकटा पडला. मंडळी म्हणाली, "त्यांना घेऊन या. भांडण तुमचं आहे, माझं नाही." मी जाऊन घेऊन आलो. पण दादा बोलेना. ओसरीवर खुर्ची टाकून समोरच्या डोंगराकडे बघत बसायचा.

२०२५ च्या शिमग्याला त्याची नात पुण्याहून आली, ती एक भलामोठा खोका घेऊन. खोक्यावर मिगचे चित्र. आत राखी रंगाच्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि शेवग्याला शेंगा लगडाव्यात तसे चौकटींना लगडलेले शेकडो सुटे भाग. सोबत परदेशी अक्षरांची पुस्तिका. हे विमान १ ला ३२ या मापाचे, म्हणजे ३२ हातांची वस्तू एका हातात बसवलेली. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, तो इथे वीतभर झाला. दादाने झाकण उघडले, पाहिले आणि पुन्हा लावले. "माझं काय खेळण्याचं वय हाय?" म्हणाला. खोका माळ्यावर गेला.

आता हे खेळणे म्हणावे, तर पूर्णपणे तसेही नाही. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली होती. मुलांनी ती सुताराच्या खोलीत तासून, काळा रंग देऊन पाठवायची, आणि सैनिकांनी ती बघून आपले विमान कोणते, शत्रूचे कोणते हे ओळखायला शिकायचे. पुढे प्लास्टिक आले आणि विलायतेत घरोघर हा नाद लागला. एअरफिक्स या कंपनीने १९७० साली १ ला २४ या मापाचे स्पिटफायर काढले. ते तर आमच्या मिगपेक्षाही मोठ्या मापाचे. तिकडे म्हातारी माणसेही स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम करत बसतात. इकडे मी बसलो ओसरीवर, सुपाशेजारी.

मे महिन्यात मीच खोका खाली काढला. कारण विचाराल तर सांगतो. वीस वर्षे हा माणूस घरापासून लांब राहिला, नांगर मी धरला, आई-बापाची दुखणी मी काढली. तिकडे एवढे काय होते, ते मला एकदा बघायचे होते.

काम वाटते तितके सोपे नाही. भाग नखे कापायच्या कात्रीने सोडवायचे, डेखाची जागा पॉलिश पेपरने घासायची. यातला डिंक नुसता चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. जास्त लागला की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. माझे दोन ठसे पोटाखाली आहेत. नाकात वजन घातले नाही तर असले विमान शेपटीवर बसायची भीती. म्हणून जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी काढून नाकाच्या सुळक्यात भरले. मासे धरायचे शिसे विमानात गेले, म्हणून मंडळी दिवसभर हसत होती.

आठ दिवस दादाने तिकडे पाहिलेही नाही. नवव्या दिवशी मागून आवाज आला, "चाकं उलटी लावलीस. डावं उजवीकडं गेलंय."

मी म्हटले, "मग तूच लाव."

तो बसला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे, थरथरणारा हात. पण चाकाचा दांडा बोटात आला आणि थरथर थांबली. शप्पथ सांगतो, थांबली.

रंगकामात मात्र मी घात केला. खोपोलीला गाड्या रंगवणाऱ्याकडून थिनर आणला. ट्रकच्या पत्र्याला चालतो, तर याला का नाही चालणार, असे माझे शेतकरी डोके! पंख पुसायला घेतला आणि तो ओल्या पापडासारखा मऊ पडला. एक कड वितळून सुरकुतली. नातीचे हजारो रुपये डोळ्यांसमोर आले. आणि दादा हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसला. मग त्यानेच ती कड कापली, लांबी भरली, वाळल्यावर पाण्याचा पेपर मारून पंख सारखा केला. आज दाखवली नाही तर ती जागा तुम्हाला सापडणार नाही.

पुढे पावसाने गाठले. त्या साली पाऊस मे सरायच्या आतच कोसळला, तुम्हाला आठवत असेल. राबाची धांदल उडाली, ती वेगळीच. पण हवेत ओल असली की रंगावर दुधासारखी साय धरते, हे मला तेव्हा कळले. पहिला हात खरवडून काढावा लागला. शेवटी कोंबडीची पिल्ले ठेवायच्या खोक्यात बल्ब पेटवून त्या उबेत विमान ठेवले. लावणी होईपर्यंत ते तिथेच राहिले.

आमच्या आळीतला एक पोरगा दरवर्षी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातो. त्याच्याकडे पेनाएवढी बारीक स्प्रेची गन आणि छोटा कॉम्प्रेसर आहे. एका रविवारी घरी आला होता, त्याला धरला. दादाला विमान चांदीच्या रंगाचे हवे होते, उघड्या पत्र्यासारखे. पोरगा म्हणाला, "आजोबा, चांदी अशी उठणार नाय. आधी चकचकीत काळा देतो." चांदीखाली काळा कशाला, मला पटेना. पण खरोखरच काळ्यावर तिचा पातळ हात बसला आणि प्लास्टिकचा पत्रा झाला. नंतर त्याने झेंड्याच्या रंगांची चक्रे पाण्यात भिजवून पंखांवर सरकवली. मध्ये हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. विमान असे झळकू लागले की आरतीच करावी.

दादाने ते हातात घेऊन फिरवले. "हा काय गणपती हाय?" म्हणाला. "असं विमान मी जन्मात पाहिलं नाय."

आणि मंडळी, त्या दिवशी दादा बोलायला लागला. पाळी असली की पहाटे किती वाजता उठायचे, थंडीत पत्र्याला हात चिकटायचा तो कसा, उन्हात तोच पत्रा कसा भाजायचा. मग विमानाच्या एकेका जागेवर बोट ठेवून सांगू लागला. इथे पंखाच्या मुळाशी आमचे बूट पडायचे, म्हणून इथली चकाकी मेलेली असते. इथे बसण्याच्या जागेच्या काठाला शिडी अडकवायची, तिथे ओरखडे. इंधन भरायच्या तोंडाशी ओघळ. पोटाखाली तेलाचा मळ, कितीही पुसा. आणि मागे, जिथून जाळ निघतो, तिथला पत्रा चांदीचा राहतच नाही. तांबूस, निळसर, वांग्याच्या सालीसारखा होतो.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझ्या नांगराचे रुमणे माळ्यावर पडले आहे. ट्रॅक्टर आल्यापासून कोणी हात लावला नाही, पण मुठीची जागा अजून गुळगुळीत आहे. अंधारात हात फिरवला तरी मला माझी मूठ सापडते. दादाही तेच सांगत होता. तो मळ विमानाचा नव्हता, त्याच्या हातांचा होता, आणि त्याच्यासारख्या कित्येकांचा. मिग-२१ आपल्याकडे १९६३ साली आले. पुढे नाशिकजवळ ओझरला, द्राक्षांच्या मुलखात, सहाशेहून अधिक मिग-२१ तयार झाली. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला तो याच विमानांनी. ते पेपरात आले. शिडी कोणी अडकवली, ते कुठे येणार?

पोरग्याने पातळ तपकिरी रंग घेऊन दादाच्या बोटामागे बोट चालवले. दोन रविवार गेले. चांदी मळली आणि विमान खरे दिसू लागले.

राहिला नंबर. खोक्यातले छापील नंबर दादाने बाजूला सारले. त्याने पाटीवर एक नंबर लिहून दिला. गणपती विसर्जन झाल्यावर पोरग्याने तो अगदी बारीक कुंचल्याने नाकाजवळ काढला. तो नंबर मी इथे लिहीत नाही. पोरगा गेल्यावर मी विचारले, "हाच का?"

आता तो जुना सल सांगितला पाहिजे. १९८२ च्या जुलैत, लावणी चालू असताना, आमचा बाप गेला. दादा आसामकडे होता. तार केली. अग्नी मी दिला, त्याला इलाज नव्हता. पण दहाव्याला थोरला मुलगा यावा एवढी अपेक्षा होती. दादा आला नाही. उल्हासच्या काठी पिंड मांडले आणि कावळा शिवेना. तीन तास आम्ही पावसात उभे. भावकीतला एक म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "थोरल्याची वाट बघतोय." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकले. दादा तेराव्याला पोचला. मी त्याला कारण विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. तेव्हापासून शिमगा आणि गणपती.

त्या संध्याकाळी दादाने सांगितले. विमान सुटण्याआधी फिटरला कागदावर सही करावी लागते. त्या कागदाला ते सातशे नंबरचा फॉर्म म्हणत. माझ्या हाताखालून विमान गेले, ते नीट आहे, अशी ती सही. तार आली त्याच दिवशी सकाळी दादाने सही केलेले एक विमान परतले नव्हते. पायलट छत्रीने उतरला, वाचला. विमान गेले. कागद मोहरबंद झाले, चौकशी बसली.

"सुट्टी नाकारली काय तुला?"

"नाय. मिळत होती. मीच घेतली नाय."

"बाप गेला होता दादा."

"सही माझी होती." बराच वेळ तो गप्प राहिला. "माझ्या हातून एखादा पेच सैल राहिला का, ते कळल्याशिवाय बापाच्या पिंडाला कुठला हात लावू? इंजिन उघडलं तेव्हा आत पिसं निघाली. गिधाड गेलं होतं. दहाव्या दिवशी कळलं. अकराव्याला गाडी धरली."

मला राग आला. खोटे कशाला सांगू? त्रेचाळीस वर्षांत एक पत्र लिहिता आले नसते काय याला? तसे बोललोही. दादा म्हणाला, "लिहिलं असतं, पण तू वाचलं असतंस काय?" यावर मला उत्तर सुचले नाही. मी उठून गोठ्यात गेलो. मंडळीने जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा आलो.

त्या वर्षी पितृपक्षात बापाच्या तिथीला घास दादाने ठेवला. मी तांब्या घेऊन मागे उभा राहिलो.

आणि २६ सप्टेंबरला चंदीगडहून टीव्हीवर सोहळा दाखवला. बासष्ट वर्षांनी मिग-२१ निवृत्त झाले. शेतात भात निसवले होते, काम फारसे नव्हते, आळीतली पाच-पंचवीस माणसे आमच्या ओसरीवर जमली. दादा इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. हातभर विमान टीव्हीशेजारी ठेवले होते. शेवटची विमाने आली, उतरली, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मिग उतरले की वेग आवरायला मागे एक छत्री सोडते. ती गोळा करून, घडी घालून पुन्हा भरायचे काम जमिनीवरच्या माणसांचे. दादा खुर्चीतून अर्धवट उठला आणि टीव्हीकडे बघून म्हणाला, "अरे, छत्री उचलली काय कोणी? भिजवू नका ती."