अब्बांचं वाचन

काचबिंदूने अब्बांची नजर गेली तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. मशिदीची वाट, चहाचा कप, कपाटातले कपडे, हे सगळं त्यांनी हातापायांच्या अंदाजाने पुन्हा जमवलं. वाचनाचं मात्र जमेना. आम्ही आळीपाळीने पेपर, कादंबऱ्या वाचून दाखवायचो, ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तुमच्या सवडीने वाचता. मला माझ्या सवडीने वाचायचंय." मला ते पटायचं. एखादं पान पुन्हा ऐकावंसं वाटलं, रात्री दोनला झोप उडाली, तर काय सुनेला हाक मारायची?

गावच्या वाचनालयाचे ते तीस वर्षांचे सभासद. तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, "आता त्यांना पुस्तकांचा काय उपयोग?"

मार्ग दाखवला एका अंध शिक्षकांनी. आमच्या जुन्या संगणकावर त्यांनी एनव्हीडीए घालून दिलं. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतं, मराठीही वाचतं, आणि फुकट मिळतं. २०१६ साली सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची माहितीही त्यांनीच दिली. छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही, अशांसाठी ते आहे.

यंत्राचा आवाज अम्मीला मुळीच आवडला नाही. "हा कोण घरात आणलाय? बोलतो की दळण दळतो?" अब्बांनी मात्र त्याचा वेग वाढवत नेला. आता तो इतका भरभर बोलतो की आम्हाला एक शब्द कळत नाही. अब्बा मध्येच हसतात. कशाला हसले, ते सांगत नाहीत.

अडचण आहे ती मराठी पुस्तकांची. त्यांच्या आवडीची बरीच पुस्तकं फक्त कागदावर आहेत. पान स्कॅन केलं तरी ते यंत्राच्या दृष्टीने नुसता फोटो असतो. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करावा लागतो. त्यात 'भ'चा 'म' होतो, रफार गळतो. माझी मुलगी रविवारी बसून दादाजानसाठी दहा-दहा पानं दुरुस्त करते. त्यांच्या उर्दू पुस्तकांचं तर आणखी कठीण. नस्तालिकमधली अक्षरं एकमेकांवर कललेली, यंत्र पार गोंधळतं.

हे घरोघरी एकेका मुलीने का करायचं? २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अशा वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी देतो. अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश इथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. त्या करारात, हात चालत नसल्याने ज्यांना पुस्तक धरता येत नाही, तेही येतात. आपल्या मोहल्ल्यात अशी माणसं कमी आहेत का?

वाचनालयाच्या समितीकडे मी अर्ज दिला आहे: एक संगणक, एक स्कॅनर, हेडफोन, आणि दारातल्या चार पायऱ्यांना कठडा. सोबत अब्बांनी सांगितलेली बावीस पुस्तकांची यादी जोडली आहे, सगळी त्यांच्याच कपाटांतली. अजून उत्तर नाही. यंदाची वर्गणी मात्र भरली आहे आणि पावती अब्बांच्या नावाची आहे.