टेंपलच्या शिवारातला न दिसणारा दिवा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात टेंपल नावाचे एक गाव आहे. नाव ऐकून आपल्यापैकी कोणालाही वाटेल की, तेथे एखादे जुने देऊळ असेल, दगडी पायऱ्या असतील, निदान एखादी घंटा तरी असेल. तसे काही नाही. १८८१ साली रेल्वेने तेथे गाव वसवले आणि रेल्वेच्याच टेंपल आडनावाच्या एका इंजिनियरचे नाव त्याला देऊन टाकले, एवढाच काय तो त्या नावाचा महिमा! ऑस्टिन या राजधानीहून मोटारीने उत्तरेकडे निघाले की, साधारण शंभर किलोमीटरवर हे गाव लागते.

माझी भाची आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त तेथे राहतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे निघाले, तेव्हा जावईबापूंनी फोनवरच बजावले होते, "मावशी, आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही हं! उगाच निराश व्हाल." परंतु गावाच्या पूर्वेला आमची गाडी वळली मात्र, आणि मी त्यांना ती थांबवायलाच लावली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन पसरली होती. उन्हाने भेगाळलेली, आणि पाऊस पडला की पायताणाला सोडायची नाही अशी. विदर्भ-खानदेशातली कपाशीची जमीनच कोणी उचलून येथे आणून अंथरली आहे, असे वाटले. मातीचे शास्त्र जाणणारेही या दोन्ही मातींना एकाच कुळातल्या मानतात. आणि त्या मातीत उभे पीक कोणते? तर ज्वारी! तिला येथे 'मायलो' म्हणतात. दाणा तांबूस, ताटे बुटकी. पण तिची भाकरी कोणी करीत नाही. ती जनावरांच्या खाद्यात जाते. सोलापूरच्या माणसाने हे पाहिले तर त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही.

अशा या मुलखाला एक मोठी पीडा आहे, ती रानडुकरांची. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत डुकरे आणली. त्यांतली काही रानात पळाली. पुढे १९३० च्या सुमारास शिकारीच्या हौसेपायी युरोपातले रानडुक्कर आणून सोडले गेले. या दोहोंच्या संकरातून जी अवलाद निपजली, तिची संख्या आज एकट्या टेक्सासात पंचवीस लाखांच्या वर असावी, असा अंदाज आहे. दिवसा नदीकाठच्या झुडपांत ही मंडळी पडून राहतात आणि रात्री शेतात उतरतात. नुकताच पेरलेला मका असला तर तासामागून तास धरून बी उकरून खातात. पीक उभे असले तर खातात थोडे आणि लोळवतात फार.

आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे दुःख समजावून सांगायला नको. तो आजही माळ्यावर बसून डबे बडवतो, फटाके लावतो आणि हातातोंडाशी आलेले भात राखण्यासाठी रात्र जागवतो. हौशी शिकार मात्र आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. टेक्सासात नेमके उलट आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी असली की, तेथे रानडुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. रात्रीची मनाई नाही. २०११ सालापासून हेलिकॉप्टरातूनही मारता येते! हरणाला मात्र रात्री कोणी हात लावायचा नाही. म्हणजे अंधारात समोर उभे आहे ते डुक्कर की हरीण, हे आधी कळले पाहिजे. आणि येथेच माझ्या कथेतला दिवा येतो.

जावईबापूंच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी लिटल रिव्हर नदीच्या बाजूला राहतात. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर कडेला घामाचे डाग पडलेली टोपी, बोलणे संथ. मी मराठी शिकवते हे ऐकून त्यांनी मला 'प्रोफेसर' ही पदवी बहाल केली. आम्ही गेलो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन विजेऱ्या मांडलेल्या होत्या. जुना दिवा बिघडला होता आणि नवा घ्यायचा होता. म्हणून एक मुलाचा, एक शेजाऱ्याचा आणि एक दुकानदाराने दोन दिवसांच्या बोलीवर दिलेला, असे तीन आणून ते पारख करीत होते. मी एक उचलून बटण दाबले. उजेड पडेना. "सेल संपले वाटते," मी म्हणाले. म्हातारबुवा हसले. "दिवा लागला आहे, प्रोफेसर. तो तुमच्यासाठी लागत नाही, एवढेच. आणि त्याच्यात डोळा लावून पाहू नका."

उजेड असून दिसत नाही, हा प्रकार नवा नाही. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या पट्ट्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, थर्मामीटर ठेवला. पारा चढला! त्या किरणांना आपण मराठीत 'अवरक्त' म्हणतो. रक्त म्हणजे तांबडा, आणि त्याच्या खालचा तो अवरक्त. शब्द संस्कृतातला असला तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असाच दिवा असतो. बटण दाबून तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा. बहुतेक मोबाइलांत, निदान पुढच्या कॅमेऱ्यात, तो लुकलुकताना दिसेल. सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याभोवती रात्री मंद तांबडे ठिपके दिसतात, तेही याच जातीचे.

त्या दोन उदाहरणांतच दिव्याच्या निवडीचे पहिले सूत्र आहे. प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. आपली दृष्टी सातशेच्या आसपास संपते. फाटकावरचे दिवे बहुधा साडेआठशेचे असतात. रोखून पाहिले तर त्यांची किंचित लाली जाणवते. रिमोटचा दिवा नऊशे चाळीसचा. तो अजिबात दिसत नाही. "मग नऊशे चाळीसचाच घ्यावा की!" मी म्हणाले. म्हातारबुवांनी मान हलवली. जितके तांबड्यापासून दूर जावे, तितकी पाहणाऱ्या यंत्राची दृष्टी मंदावते. बंदुकीवरची दुर्बीण कॅमेऱ्याच्या जातीची असेल, तर तिला नऊशे चाळीसचा उजेड दिसतो, पण पल्ला बराच घटतो. आणि चांदण्याचा उजेड वाढवून हिरवे चित्र दाखवणारी नळीची दुर्बीण असेल, तर तिची नजर नऊशेच्या आसपासच थांबते. तिच्यापुढे नऊशे चाळीसचा दिवा लावणे म्हणजे आंधळ्यापुढे आरसा धरणे! दिवा घेण्याआधी आपल्या दुर्बिणीची जात विचारावी, ती यासाठी.

"पण ती लाली डुकराला दिसली तर?" जावईबापूंनी विचारले. म्हातारबुवा म्हणाले, "डुक्कर डोळ्यांवर चालत नाही, नाकावर चालते. मी आधी वारा बघतो, मग दिवा."

दुसरे सूत्र झोताचे. दुकानदाराच्या दिव्याच्या खोक्यावर पल्ला मोठ्या आकड्यांत छापलेला होता. तो लेसरचा होता. झोत सुईसारखा बारीक आणि दूर जाणारा. परंतु असा झोत थेट डोळ्यांत गेला तर इजा होऊ शकते, आणि धोका असा की, उजेड दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. मुलाचा दिवा पसरट उजेडाचा. जवळचे सारे शिवार दाखवी, दूरचे काहीच नाही. कारण झोत पसरत गेला की, दुप्पट अंतरावर उजेड चौथाईच उरतो. शेजाऱ्याचा तिसरा दिवा साडेआठशेचा. त्याचे तोंड फिरवून झोत बारीक किंवा पसरट करता येई, आणि तेज कमी-जास्त करण्याचीही सोय होती. दिसायला तो तिघांत सर्वांत ओबडधोबड.

"रात्री या, म्हणजे कळेल," म्हातारबुवा म्हणाले.

अवसेची रात्र होती. शेताच्या कडेला त्यांच्या उघड्या ट्रकच्या मागे आम्ही तिघे बसलो. ज्वारीवरून काजवे फिरत होते आणि नदीच्या बाजूने बेडकांचा गजर चालला होता. मला चुलीपाशी बसून ऐकलेल्या राखणीच्या गोष्टी आठवत होत्या. फरक इतकाच की, तेथे डबा होता आणि येथे बंदूक.

मध्यरात्रीच्या सुमारास म्हातारबुवांनी हातातली उष्णता टिपणारी दुर्बीण माझ्याकडे दिली. या यंत्राला दिवा लागतच नाही. प्राण्याच्या अंगची ऊब त्याला दिसते. शेताच्या कोपऱ्यात पांढरे ठिपके होते. मोजले तर नऊ. काही हलत होते, काही गवतात बसलेले. "डुकरे!" जावईबापू कुजबुजले. म्हातारबुवा काहीच बोलले नाहीत. त्यांनी बंदूक उचलली नाही. तिच्यावरची दुर्बीण सोडवून हातात घेतली, तिच्या बाजूला शेजाऱ्याचा दिवा बसवला आणि आधी तेज उतरवले. कारण दिवा भडक असला की, समोरचे गवत आणि धूळच पांढरी फटक होते आणि पलीकडचे बुडून जाते. मग त्यांनी झोत हळूहळू आवळला. आणि दुर्बीण मला दिली.

अंधारात डोळे चमकत होते. जोड्याजोड्यांनी, घरातल्या मांजराचे चमकतात तसे. गुरे, हरणे, कुत्री यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. तो दिव्याचा उजेड परत फेकतो. डुकराच्या डोळ्यांत हा आरसा नसतो. ती नऊ वासरे होती. शेजाऱ्याच्या कुंपणाची तार कोठेतरी तुटली होती आणि ती ज्वारीच्या वासाने आत आली होती. त्यांच्या बरोबर पाठीमागे, झाडांच्या आड, शेजाऱ्याच्या घराचे छप्पर होते.

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. उष्णतेची दुर्बीण खोटे बोलली नव्हती. तेथे काहीतरी ऊबदार आहे, एवढेच तिने सांगितले होते. पुढचे आम्ही आमच्या मनाने जोडले होते. मी वर्गात क्रियापदे शिकवताना 'दिसणे', 'पाहणे' आणि 'ओळखणे' यांतला फरक सांगते. दिसते ते आपोआप, पाहावे लागते ते लक्ष देऊन, आणि ओळखण्याची जबाबदारी ज्याची त्याची. खोक्यावरचा आकडा पहिल्या क्रियापदाचा असतो. शेतकऱ्याला गरज असते तिसऱ्याची.

पहाटे दोनच्या पुढे डुकरे खरोखरच आली, पण दुसऱ्या टोकाला, आणि तीही पुष्कळ लांब. ती डुकरेच होती. झोतात त्यांची लांब मुसकटे आणि पाठीवरचे ताठ केस ओळखू येत होते. म्हातारबुवांनी ती जवळ येईपर्यंत वाट पाहिली. त्यांच्यामागे नदीचा उंच काठ आल्यावरच बार टाकला. एक डुकरीण पडली, बाकीची पसार झाली. मला आनंद झाला नाही. त्यांनाही झालेला दिसला नाही. "एकाने काय होते?" ते म्हणाले. खरेच आहे. डुकरांची संख्या नुसती आहे तेथे रोखायची तर वर्षाला सुमारे दोन-तृतीयांश काढावी लागतात, असे तेथील जाणकार सांगतात. म्हणून सबंध कळप कोंडणारे मोठे पिंजरे लावतात. बंदूक हा तोकडा उपाय. पण पीक उभे असताना हात बांधून कोण बसेल?

परतताना त्यांनी निवडीचा निकाल सांगितला. शेजाऱ्याच्या दिव्यासारखाच दिवा ते घेणार होते, आणि सेलची एक जादा जोडी. नऊशे चाळीसचा दिवा पिंजऱ्यावरच्या कॅमेऱ्याला चांगला, कारण तेथे अंतर थोडे आणि जनावर अगदी समोर. लेसरचा दुकानदाराला परत. जावईबापूंना त्या लांब पल्ल्याच्या दिव्याचा मोह सुटत नव्हता. म्हातारबुवा म्हणाले, "दीडशे यार्डांपलीकडे मी बार टाकीत नाही. त्यापुढचे दाखवणारा दिवा घेतला, तर मला टाकावासा वाटेल."

उजाडताच त्यांनी शेजाऱ्याला फोन केला. दोघे म्हातारे पक्कड आणि तारेचे भेंडोळे घेऊन कुंपणाशी आले. आधी वासरे हाकलली, मग तार ओढून बांधली. ज्वारीची चार तासे तुडवली गेली होती, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. शेजाऱ्याने फाटकातून वासरे आत घेताना बोटाने एकेक मोजले. नऊच्या नऊ होती.