घड्याळांची पारख

परवां रात्रीं माझा संगणक एकाएकीं रेंगाळूं लागला. दोन प्रोसेसरांचें हें जुनें धूड मीं मोठ्या हौसेनें घेतलेलें. आमच्या वाचनालयाच्या देवघेवीचा हिशेब त्यावरच चालतो. लिनक्सची रोजनिशी उघडून पाहिली, तों कर्नलनें (हा पलटणींतला नव्हे!) आपलें घड्याळ बदलल्याची नोंद: 'टीएससी' बेभरंवशाचें ठरल्यामुळें त्याच्या जागीं 'एचपीईटी'ची नेमणूक झाली होती.

संगणकाच्या पोटांत एक सोडून अनेक घड्याळें असतात, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. त्यांतलें वडीलधारें म्हणजे 'पीआयटी', १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनचें. त्याचे सेकंदाला सुमारें ११,९३,१८२ ठोके पडतात. हा चमत्कारिक आंकडा आला कोठून? अमेरिकेंतील रंगीत दूरचित्रवाणीच्या मापाशीं जुळणारा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक त्या यंत्रांत होता. त्याच्या गतीला बारानें भागलें, कीं झालें घड्याळ!

कर्नल या उमेदवारांना चक्क गुण देतो. पीआयटीला ११०, एचपीईटीला २५०, टीएससीला ३००. टीएससी प्रोसेसरच्या आंतच बसलेलें, त्यामुळें विचारतांच उत्तर देतें. एचपीईटी बाहेरचें, त्याच्याकडे दर वेळीं कर्नलच्या दारांतून जावें लागतें. पण १९९३ च्या पेंटियमबरोबर आलेलें टीएससी तरुणपणीं फार चंचल होतें. प्रोसेसरची चाल बदलली, कीं त्याचीही बदले. हल्लीं तें पुष्कळ सुधारलें आहे. तरी कर्नल दर अर्ध्या सेकंदानें दुसऱ्या घड्याळाशीं त्याचा मेळ घालून पाहतो. सासूची नजर म्हणतात ती हीच!

मला मात्र ती जाचक वाटली. संगणक पुन्हां सुरू करतांना 'टीएससी=रिलायबल' असें लिहिलें, कीं ही तपासणी बंद होते. मीं तसें केलें. संगणक पुन्हां पूर्वीसारखा धांवूं लागला, आणि मीं स्वतःवर बेहद्द खूष झालों.

चार दिवसांनीं एक वृद्ध सभासद दंडाची चिठ्ठी घेऊन आले. पुस्तक त्यांनीं वेळेवर परत केलें होतें. मीं स्वतःच तें घेतलें होतें. शोध घेतां दिसलें, कीं एका प्रोसेसरनें परतीची विनंती नोंदविली, दुसऱ्यानें पोंच. आणि पोंचेची वेळ विनंतीच्या आधींची! हिशेब जुळविणाऱ्या कार्यक्रमानें ती नोंद अशक्य म्हणून टाकून दिली होती.

मीं त्यांची क्षमा मागितली, चिठ्ठी फाडली आणि तो शब्द खोडून टाकला. आतां महिनाअखेरचा हिशेब पुन्हां रेंगाळत चालतो. तेवढ्यांत माझा चहा होतो.