काचेतली कृष्णा

सांगलीत नळाला येतं ते कृष्णेचं पाणी. महाबळेश्वराहून निघून, वाईचे घाट मागे टाकून, माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन ती इथवर येते. बैठकीतल्या फिशटँकमध्ये बादली ओतताना मला दर वेळी वाटतं, वाहणं हाच जिचा स्वभाव, तिला आपण चार काचांत थांबवतो आहोत. तिथं तिच्या वाटचं वाहणं आपणच चालू ठेवायला हवं.

वाईच्या वर कृष्णा खडकांवर आपटते, फेसाळते आणि त्या आपटण्यातच हवा पाण्यात मिसळते. गोट्यांवरच्या बुळबुळीत थरात जिवाणू नांदतात. नदीची खरी धुणीभांडी तेच करतात. टाकीत त्यांचं घर म्हणजे फिल्टरचा स्पंज. माशांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी निवळशंख असतं आणि गप्पी मात्र वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्याचं पुढं नायट्रेट. ते बरंच सौम्य, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा, मासे हळूहळू वाढवावेत.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं. तिला ताशी अडीचशे ते तीनशे लिटरचा पंप पुरतो. पण त्याची धार कुठं पडते, याला मी जास्त महत्त्व देतो. पृष्ठभाग सतत थरथरत राहिला पाहिजे. दगडांमागं पाणी थांबलं की मळ साचतो, तिथूनच टाकी बिघडते. वळवाच्या वादळात लाईट जाते, पंप थांबतो आणि स्पंजातले जिवाणूही प्राणवायूवाचून गुदमरू लागतात. म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावाच.

मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. टाकीसमोर बसलं की ते मासे आठवतात आणि जीव कळवळतो. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते. अशा वेळी घाण वाढली, की ती कुजवताना जिवाणूच पाण्यातला प्राणवायू संपवतात. सांगलीत तर शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत मिसळत आलं आहे.

घरच्या टाकीचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळा. आणि शेरीनाल्याचा थेंबही शुद्ध झाल्यावाचून कृष्णेत जाऊ नये, ही मागणी सांगलीकरांनो, सोडू नका.