जुलै, रमाबाई नगर आणि फादर स्टॅन

जुलै आला की आम्ही घाटकोपरच्या रमाबाई नगरात दोन दिवस पाळतो. ११ जुलै १९९७ तर सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, रस्त्यावर उतरलेली वस्ती, राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्या, दहा शहीद. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवलं. आयुष्यभर इतरांना उभं करणारा माणूस आतून कोसळला, आणि आम्हा कुणाला वेळेत कळलं नाही. वैफल्य काय करतं हे आमच्या चळवळीने असं घरात पाहिलंय.

दुसरा दिवस ५ जुलै २०२१. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात फादर स्टॅन स्वामी गेले. वय ८४. जामिनाच्या सुनावणीतच न्यायालयाला कळवलं गेलं की ज्याच्यासाठी जामीन मागताय तो उरला नाही.

पोरं विचारतात, एका पाद्र्याचा दिवस बौद्धांनी का पाळायचा? प्रश्न रास्त आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी चर्चला नेमकं इथेच धरलं होतं. दुःखाचं मूळ माणसाच्या पापात आहे असं शिकवलं, की माणूस क्षमा मागत बसतो, ज्या व्यवस्थेने दुःख दिलं तिच्याशी भांडत नाही. शिवाय बाप्तिस्म्याने जात पुसली जात नाही. स्टॅन ज्या तिरुचिरापल्लीकडचे, तिथल्या एका कॅथलिक स्मशानभूमीत दलित आणि सवर्ण ख्रिश्चनांच्या थडग्यांमध्ये भिंत आहे. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा आपोआप माणसाला लढायला लावते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

पण स्टॅन क्षमा मागत बसले नाहीत. ते येशूसंघी होते आणि त्यांचा येशू गरिबांच्या बाजूने उभा राहून सत्तेच्या हातून मारला गेलेला होता. झारखंडात आदिवासींच्या जमिनी जाताना आणि पोरं नक्षलवादी ठरवून आत टाकली जाताना त्यांनी पाहिली. संताप येणारच. त्या संतापाचं त्यांनी काय केलं? माहिती गोळा केली. रांचीजवळच्या 'बगईचा' केंद्रातून कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला: कोण आत आहे, कुठल्या कलमाखाली, घरी मागे कोण, जमीन विकली का. मग त्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आम्हाला त्यांची श्रद्धा इथे दिसते, माळेत नाही.

८ ऑक्टोबर २०२० ला एल्गार परिषदेच्या खटल्यात त्यांना उचललं. आपण भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असं ते सांगत राहिले. पार्किन्सन्समुळे पेला हातात धरवेना, म्हणून स्ट्रॉ-सिपर मागितला, तर तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस घेतले. तळोजात अरुण त्यांना भरवत, वर्नन आंघोळीला मदत करत. आणि हा माणूस बाहेर पत्रं लिहितो ती कुणाबद्दल? आपल्यावर आरोप काय आहे हेही ठाऊक नसलेल्या गरीब कैद्यांबद्दल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने सांगितलं की त्यांच्या संगणकात पुरावे बाहेरून पेरले होते. तोवर दीड वर्ष उलटलं होतं.

आम्ही ईश्वर मानत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येतं, एवढं आम्हाला पुरतं. पण कारण दूर करायला आधी ते लिहून काढावं लागतं, हे आम्ही विसरलो होतो. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर वस्त्यांत कोम्बिंग झालं, पोरं उचलली गेली. आम्ही निषेध सभा घेतल्या, घोषणा दिल्या, फेसबुकवर तुटून पडलो. कुणावर नेमकं कुठलं कलम लागलं, पुढची तारीख कधी, याची एक धड यादी आमच्याकडे नव्हती. एका पोराचं नोकरीसाठीचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "तुमच्या मोर्चाचा कागद मिळंल का काही?" आम्ही गप्प.

ती वही आता आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, विहारातल्या कपाटात. नाव, कलम, कोर्ट, तारीख, वकील, घरातलं कमावतं माणूस. रविवारच्या वंदनेनंतर दोघीजणी ती भरतात. बऱ्याच घरांत आधी दारच उघडत नाहीत, पुन्हा पोलिसांचं लफडं नको म्हणतात. दुसऱ्यांदा गेलं की चहा मिळतो. तिसऱ्यांदा पेटीतले कागद निघतात.

या ११ तारखेला स्मारकावर येताना ज्यांच्याकडे समन्स किंवा चार्जशीटची प्रत असेल त्यांनी झेरॉक्स सोबत आणावी. वही तिथेच टेबलावर असेल.