लिफ्ट घेण्याआधी मोजपट्टी घ्या

सर्जापूर रोडच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा, आपल्या गाडीचं पोट कुठे कुठे घासतं ते तोंडपाठ सांगेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट हवा. गल्लीतले गतिरोधक मात्र अरुंद आणि टोकदार. बुटकी गाडी त्यावर घासली, की घरी येऊन खाली वाकून बघणं आलंच. ऑइल तर गळत नाही ना?

आमच्याकडे घरच्या लिफ्टचा विषय त्यातूनच निघाला. दादाच्या जुन्या सेडानखाली जेमतेम 165 मिलिमीटर जागा आहे. चार माणसं बसली की तीही कमी होते. बाबा एसटीच्या सांगली आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. ते बेंगळुरूला आले की ऑइल बदलणं, ब्रेक बघणं सगळं घरीच. पण बासष्टाव्या वर्षी जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्यांनी सरपटत जाणं आईला बघवत नाही. तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

बाबांचा पहिला सल्ला होता, "खड्डा खणा." आगारात बस खड्ड्यावर उभी करतात आणि मेकॅनिक खाली उतरतो. पण बस डिझेलची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद गॅरेजातल्या खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीनं पेटू शकते. शिवाय सप्टेंबर 2022चा पाऊस आठवा. सर्जापूर रोडच्या रेनबो ड्राइव्ह लेआउटमधून लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं होतं. अशा भागात खड्डा म्हणजे घरातच तळं.

मग लिफ्ट. बहुतेक जण आधी विचारतात, किती टन उचलते? बुटक्या गाडीसाठी पहिला प्रश्न वेगळा आहे: पूर्ण खाली असताना लिफ्टची उंची किती? गाडीखाली जाईल तरच ती गाडी उचलणार. मोजताना गाडीचा सर्वांत खालचा भाग धरा. तो बहुधा पुढचा बंपर किंवा इंजिनाखालचा पत्रा असतो. लिफ्टवर रबरी ठोकळे ठेवायचे असतील, तर त्यांची जाडीही धरा. रॅम्पवरून चढायची लिफ्ट असेल, तर रॅम्पचा चढ पाहा. चढ उभा असला की बंपर आधी टेकतो.

दुसरं माप छताचं. गाडी साधारण दीड मीटर उंच. ती सव्वा मीटर उचलली तर झाले पावणेतीन मीटर. साडेआठ फुटी छताखाली हे जमत नाही, मग बॉनेट उघडणं दूरच.

तिसरं जमिनीचं. दोन खांबांची लिफ्ट काँक्रीटमध्ये बोल्टनं पक्की करावी लागते. नुसत्या फरशीवर ते चालत नाही, स्लॅबखाली तळघर असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच. भाड्याचं घर असेल तर मालकाची आणि सोसायटीची परवानगी लागते. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी राहते, म्हणून चाक काढायला वेगळा जॅक लागतो. काही लिफ्टना थ्री फेज वीज लागते, तेही आधीच विचारा.

आम्ही दोन चौकटींच्या लिफ्टवर आलो. या लांब, चपट्या चौकटी गाडीच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवायच्या. बंद असताना त्यांची उंची दहा सेंटिमीटरच्या आत असते आणि काम झालं की त्या भिंतीला उभ्या करता येतात. त्या गाडी अर्धा मीटरच उचलतात, त्यामुळे खाली उभं राहता येत नाही. चाकांच्या पाटीवर आडवं व्हावं लागतं. पण मधला भाग मोकळा राहतो, जमिनीत बोल्ट मारावे लागत नाहीत आणि छताची अडचण येत नाही.

दुकानात बाबांनी किंमत विचारलीच नाही. त्यांनी लॉक दाखवायला सांगितलं. हायड्रॉलिक तेलाच्या दाबानं गाडी वर जाते, पण माणूस खाली असताना तिचा भार तेलावर ठेवायचा नसतो. सील फुटलं किंवा पाइप सुटला तरी गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे, आणि ते काम लोखंडी लॉकचं. त्यांनी लिफ्ट उचलायला लावली, लॉकचा खटका दोन्ही बाजूंनी ऐकला, मग भार लॉकवर टेकवून घेतला. एका लिफ्टचं लॉक एकाच बाजूला बसलं. ती स्वस्त होती, तरी आम्ही सोडली.

तुम्ही जाल तेव्हा एवढं करून घ्याच. आपल्या गाडीची मापं कागदावर लिहून न्या, दुकानदाराला भार टाकून लॉक दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करायला लागला, तर सरळ पुढच्या दुकानात जा. त्या गाडीखाली आपलंच माणूस झोपणार आहे.